बास्केटबॉलची दुय्यम लीग: सीबीएची ६३ वर्षं

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये आइस हॉकीच्या मोठ्या स्टेडियमांचे मालक जमले आणि त्यांनी बास्केटबॉलची एक लीग काढली. हॉकीचे सामने नसतील त्या रात्री स्टेडियम रिकामं राहू नये, हा त्यांचा साधा हिशेब होता. तीन वर्षांनी ही लीग दुसऱ्या एका लीगशी एकत्र आली आणि तिला एनबीए हे नाव मिळालं. अमेरिकेतली सर्वोच्च बास्केटबॉल लीग ती हीच. या बैठकीच्या सहा आठवडे आधी, २३ एप्रिलला, शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सहा संघांची एक लहानशी लीग सुरू झाली होती. तिचं नाव होतं ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया बास्केटबॉल लीग. पुढे नावं बदलत गेली आणि १९७८ मध्ये ती कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे सीबीए झाली. आपण एनबीएपेक्षा जुने आहोत, हे ती जाहिरातीत आवर्जून सांगायची. वयाने थोरली असली तरी मोठी मात्र ती कधीच झाली नाही.

२००९ मध्ये ती बंद पडली. आज अमेरिकेतही अनेकांना तिचं नाव आठवणार नाही. पण एनबीएच्या सामन्यात आपण आज जे पाहतो त्यातल्या काही गोष्टी आणि काही फार मोठी माणसं या लीगच्या थंडगार हॉलमधून आली आहेत. इतकं सगळं घडवूनही तिच्या हाती काही उरलं नाही. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी अमेरिकेतल्या दुय्यम लीगचं अर्थकारण पाहावं लागेल.

मधल्या पायरीची गरज कुणाला?

अमेरिकेत बेसबॉलच्या दुय्यम लीग फार जुन्या आणि पक्क्या आहेत. बेसबॉलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून वरच्या लीगमधले संघ खालचे संघ पोसतात, तिथल्या खेळाडूंचे पगार देतात आणि तयार झालेला माल वर नेतात. खर्च करणारा आणि फायदा घेणारा एकच असल्यामुळे ही व्यवस्था टिकते.

बास्केटबॉलमध्ये हे काम कॉलेजं करत होती, तेही फुकट. मुलगा चार वर्षं कॉलेजच्या संघात खेळायचा, हजारो लोक त्याला बघायचे, वर्तमानपत्रं त्याच्यावर लिहायची आणि तयार झाला की एनबीए त्याला उचलायची. एनबीएला मधल्या पायरीवर पैसा खर्च करायचं कारणच नव्हतं.

मग दुय्यम लीगकडे कोण यायचं? एनबीएत ज्यांना जागा मिळाली नाही ते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनबीएत आठच संघ होते आणि प्रत्येक संघात दहा-बारा खेळाडू, म्हणजे साऱ्या देशात जेमतेम शंभर नोकऱ्या. देशातला एकशेवीसावा किंवा दीडशेवा उत्तम खेळाडू काही वाईट खेळाडू नसतो. त्याच्यासाठी फक्त खुर्ची नसते. वर खुर्च्या कमी असतील तेव्हा खालच्या लीगचा दर्जा वाढतो, आणि वर खुर्च्या वाढल्या की खालची लीग ओस पडते. सीबीएच्या इतिहासातले बहुतेक चढउतार या एकाच नियमाने उलगडतात.

कोळशाच्या गावांतले शनिवार-रविवार

विल्क्स-बॅरे, हेझल्टन, ॲलनटाउन, लँकेस्टर, रीडिंग आणि न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन अशी पहिल्या सहा संघांची गावं. बिंगहॅम्टनचा संघ पहिल्याच हंगामाच्या मध्यावर पॉट्सव्हिलला हलला, त्यामुळे सगळाच कारभार पेनसिल्व्हेनियात आला. संघाने हंगामाच्या मधेच गाव बदलायची ही सवय लीगला पुढेही सुटली नाही.

यातली हेझल्टन, विल्क्स-बॅरे, पॉट्सव्हिल ही दगडी कोळशाच्या पट्ट्यातली गावं. महायुद्धानंतर खाणी एकेक करून बंद पडत होत्या. हिवाळ्यात शनिवार-रविवारी संध्याकाळी करमणूक म्हणून हायस्कूलच्या जिममध्ये किंवा आर्मरीत, म्हणजे राखीव सैनिकांच्या कवायतीच्या हॉलमध्ये सामने होत. खेळाडू आठवडाभर शिक्षक, कारकून, विक्रेते म्हणून नोकरी करत आणि शनिवारी दुपारी फिलाडेल्फियाहून किंवा न्यूयॉर्कहून एका गाडीत पाच जण बसून निघत. पैसे मिळत ते सामन्यागणिक.

तरीही ही लीग दर्जेदार होती, आणि त्यामागे खुर्च्यांच्या हिशेबाशिवाय आणखी दोन कारणं होती. पहिलं कारण वंशभेदाचं. एनबीएत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले ते १९५० मध्ये, आणि त्यानंतरही एका संघात किती कृष्णवर्णीय असावेत याची न लिहिलेली मर्यादा बराच काळ पाळली जात होती. इथे पहिल्याच हंगामात हेझल्टनच्या संघात बिल ब्राउन, झॅक क्लेटन आणि जॉन आयझॅक्स असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. (हे क्लेटन पुढे मुष्टियुद्धाचे पंच झाले. १९७४ मध्ये झैरमध्ये मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची जी जगप्रसिद्ध लढत झाली, तिचे पंच हेच.) १९५५-५६ मध्ये तर हेझल्टनने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. यात समतेचा ध्यास किती आणि चांगले खेळाडू स्वस्तात मिळण्याचा व्यवहार किती, हे सांगणं अवघड आहे. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो. पण खेळणाऱ्याला मैदान मिळालं, ही गोष्ट उरतेच.

दुसरं कारण सट्ट्याचं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मोठा गैरव्यवहार उघड झाला. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सट्टेबाज नुसतं कोण जिंकणार यावर पैसे लावत नसत, किती गुणांनी जिंकणार यावरही लावत. त्यामुळे खेळाडूला सामना हरावा लागत नसे. दहा गुणांनी जिंकण्याऐवजी चार गुणांनी जिंकला तरी सट्टेबाजाचं काम व्हायचं, आणि आपण संघाशी दगाबाजी केली असं त्या पोराला फारसं वाटायचंही नाही. सिटी कॉलेजचा फ्लॉइड लेन, लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट यांच्यासारख्या असामान्य खेळाडूंना एनबीएने कायमचं बाहेर ठेवलं. एनबीएत खेळत असताना स्वतःच्या संघावर पैसे लावणारा जॅक मोलिनास १९५४ मध्ये हाकलला गेला. या सगळ्यांना ईस्टर्न लीगने जागा दिली. देशातले काही सर्वोत्तम खेळाडू शनिवारी रात्री हेझल्टनसारख्या गावात दिसायचे ते असे.

पॉल ॲरिझिनचं उदाहरण निराळं आहे. फिलाडेल्फिया वॉरियर्सचा हा खेळाडू दोन हंगामांत एनबीएमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला होता. १९५६ मध्ये त्याने संघासोबत विजेतेपदही मिळवलं. १९६२ मध्ये वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला हलले, तेव्हा ॲरिझिन गेला नाही. फिलाडेल्फियात त्याचं घर होतं आणि आयबीएममध्ये नोकरी होती. तो एनबीएतून निवृत्त झाला आणि ईस्टर्न लीगमधल्या कॅम्डन बुलेट्सकडून शनिवार-रविवारी तीन हंगाम खेळला. आज एनबीएच्या अव्वल खेळाडूने असं काही केलं तर त्याला डॉक्टरकडे नेतील. पण तेव्हा वरच्या आणि खालच्या लीगच्या कमाईत इतकी दरी नव्हती की माणसाने घर सोडावं.

१९६० च्या दशकात या लीगने तीन गुणांची रेषा आखली. लांबून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण ही कल्पना तिची स्वतःची नव्हती. १९६१ मध्ये निघून लगेच बुडालेल्या एका लीगने ती आधी वापरली होती. पण ईस्टर्न लीगने ती उचलून चालवली. एनबीएत ही रेषा आली १९७९ मध्ये.

वरच्या खुर्च्या वाढतात, मग कमी होतात

१९६७ मध्ये एबीए नावाची नवी लीग एनबीएला टक्कर द्यायला उतरली आणि एका झटक्यात तिने अकरा संघ उभे केले. म्हणजे शंभरावर नव्या नोकऱ्या, त्याही पूर्ण वेळ आणि चांगल्या पगाराच्या. ईस्टर्न लीगचे उत्तम खेळाडू तिकडे गेले. एनबीएही याच काळात संघ वाढवत होती. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ईस्टर्न लीगची अवस्था अशी होती की हंगाम सुरू होतो की नाही हाच प्रश्न असायचा.

१९७६ मध्ये एबीए संपली. तिचे चार संघ एनबीएने घेतले आणि बाकीच्यांनी गाशा गुंडाळला. वरच्या खुर्च्या पुन्हा कमी झाल्या, खेळाडू बेकार झाले आणि खालच्या लीगला नव्याने धुगधुगी आली.

त्याच सुमारास स्टीव्ह कॉफमन लीगचे आयुक्त, म्हणजे प्रमुख कारभारी होते. त्यांच्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या या गावकी लीगमध्ये अलास्कातला अँकरेज नॉर्दर्न नाइट्स हा संघ दाखल झाला. नकाशा काढून बघा. हेझल्टनहून अँकरेजला जाणं म्हणजे अख्खा खंड ओलांडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने जाणं. ‘ईस्टर्न’ हे नाव आता हास्यास्पद झालं होतं, म्हणून १९७८ मध्ये ‘कॉन्टिनेन्टल’ हे नाव आलं. १९८० मध्ये अँकरेजने विजेतेपदही पटकावलं. पुढे हवाई बेटं, प्वेर्तो रिको, कॅनडा, अगदी मेक्सिको सिटीपर्यंत लीगचे संघ पोचले. प्रवासखर्चाचा विचार कुणी केला होता की नाही, देव जाणे.

सात गुणांचा सामना

१९७८ मध्ये जिम ड्रकर आयुक्त झाले. त्यांचे वडील नॉर्म ड्रकर एनबीएचे नावाजलेले पंच. जिम स्वतः वकील, पण अंगात जत्रेतल्या खेळवाल्याची कल्पकता. लीगकडे नावाजलेले खेळाडू नाहीत, टीव्हीचा पैसा नाही, मग लोक तिकीट का काढतील, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतला.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध सुधारणा म्हणजे गुणतक्त्याची पद्धत. बास्केटबॉलचा सामना चार भागांत खेळला जातो. सीबीएत प्रत्येक सामन्याला सात गुण असायचे: सामना जिंकणाऱ्याला तीन, आणि प्रत्येक भाग जिंकणाऱ्याला एकेक. आपल्याकडे रणजी सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला गुण असल्यामुळे अनिर्णित होणाऱ्या सामन्यातही चुरस टिकते, तसाच हा विचार. वीस गुणांनी मागे पडलेल्या संघालाही शेवटचा भाग जिंकून एक गुण कमावता येई, त्यामुळे प्रेक्षक लवकर उठून जात नसत. यातून गमतीही व्हायच्या. समजा एका संघाने एक भाग पंधरा गुणांनी जिंकला आणि उरलेले तीन भाग दोन-दोन गुणांनी गमावले. त्याने सामना जिंकला, म्हणून त्याला मिळाले चार गुण. हरणाऱ्याला तीन! जास्त सामने जिंकलेला संघ तक्त्यात खाली असू शकायचा. शुद्धतावाद्यांना हे पसंत नव्हतं. मला ही पद्धत आवडते, विशेषतः एनबीएच्या जानेवारीतल्या कंटाळवाण्या सामन्यांचे शेवटचे भाग पाहिल्यावर.

सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळेत जो संघ आधी तीन गुणांची आघाडी घेईल तो विजयी. सहा फाउल झाले की एनबीएत खेळाडू बाहेर जातो. सीबीएत तो खेळत राहायचा, पण त्याच्या पुढच्या प्रत्येक फाउलवर प्रतिस्पर्ध्याला एक जादा फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटवर नेम मारायची संधी मिळायची. लोक ज्याला पाहायला आलेत त्यालाच बाकावर कशाला बसवायचं, असा साधा तर्क.

मध्यंतरातले खेळ तर वेगळेच. मैदानाच्या मधोमध नवी मोटार उभी करायची, तिचं वरचं छप्पर उघडं ठेवायचं. प्रेक्षकांनी कागदाची विमानं करून आपल्या जागेवरून सोडायची. ज्याचं विमान गाडीच्या आत जाऊन पडेल, गाडी त्याची. हजारो कागदी विमानं एकाच वेळी हवेत, आणि मग ती झाडून काढेपर्यंत खेळाडू उभे.

दहा दिवसांचा करार

१९८० च्या दशकात एनबीएने सीबीएशी रीतसर करार केला. एनबीए काही रक्कम देणार, सीबीए खेळाडू आणि पंच तयार करणार. एनबीएचे कितीतरी पंच सीबीएत शिट्टी फुंकून शिकले आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही.

या व्यवहाराचा कणा म्हणजे दहा दिवसांचा करार. हंगाम अर्ध्यावर आल्यावर, जानेवारीत, एनबीएच्या संघात कुणी जखमी झालं की त्याच्या जागी बाहेरच्या खेळाडूला फक्त दहा दिवसांसाठी घेता येतं. एका संघाला एका हंगामात एकाच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर एकतर उरलेल्या हंगामासाठी करार करायचा, नाहीतर निरोप द्यायचा. सीबीएतला खेळाडू डिसेंबरपासून फोनकडे डोळे लावून बसायचा तो यासाठी.

जॉन स्टार्क्स हे यातलं गाजलेलं नाव. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातला हा मुलगा कॉलेजचे दिवस चालू असताना किराणा दुकानात पिशव्या भरत होता. एनबीएच्या निवडीत, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी घेतलं नाही. गोल्डन स्टेटकडून थोडे सामने मिळाले, मग तो सीबीएच्या सीडर रॅपिड्स संघात आला, तिथून १९९० मध्ये न्यूयॉर्क निक्समध्ये. १९९४ मध्ये तो ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक अव्वल खेळाडूंच्या सामन्यात त्याची निवड झाली. त्याच वर्षी निक्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स यांच्यात अंतिम मालिका झाली, सात सामन्यांची. निक्सकडे स्टार्क्स आणि अँथनी मेसन. मेसन सीबीएच्या टल्सा संघातून आलेला. रॉकेट्सकडे मारिओ एली, सीबीएच्या ऑल्बनी पॅट्रून्समध्ये घडलेला. सहाव्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी स्टार्क्सने टाकलेला तीन गुणांचा चेंडू हकीम ओलाजुवॉनच्या बोटांना लागला नसता तर विजेतेपद न्यूयॉर्कचं होतं. सातव्या सामन्यात त्याच स्टार्क्सचे अठरापैकी दोनच नेम लागले आणि निक्स हरले. जगातल्या सर्वोच्च स्पर्धेच्या शेवटच्या दोन रात्री दोन्ही बाजूंना सीबीएची माणसं होती. सीबीएला त्यातून काय मिळालं, तर सांगायला एक गोष्ट.

पुढे ब्रूस बोवेन रॉकफर्डहून गेला आणि सॅन अँटोनिओ स्पर्सकडून तीन विजेतेपदं जिंकला. अशी नावं बरीच आहेत, पण यादी पुरे.

ऑल्बनीचा हॉल

प्रशिक्षकांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिथल्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवरच्या जुन्या आर्मरीत पॅट्रून्स संघ खेळायचा. १९८३ च्या सुमारास त्यांनी निक्सच्या एका निवृत्त खेळाडूला प्रशिक्षक नेमलं, फिल जॅक्सन. लांब हात, वाचनाचं वेड आणि थोडा हिप्पी म्हणून ख्याती, त्यामुळे एनबीएत त्याला कुणी काम देत नव्हतं. १९८४ मध्ये त्याने ऑल्बनीला विजेतेपद मिळवून दिलं. संघातल्या सगळ्यांना सारखंच मानधन द्या, असा त्याचा आग्रह असे. एनबीएत प्रशिक्षक म्हणून पुढे त्याने शिकागो आणि लॉस एंजेलिसला मिळून अकरा विजेतेपदं दिली. इतकी दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत.

बिल मसलमन त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, कमालीचा कडक आणि चिडका. त्याने १९८५ ते १९८८ सलग चार वेळा सीबीए जिंकली. पहिली तीन विजेतेपदं एकाच संघासोबत, पण दोन गावांत. फ्लोरिडातला टॅम्पा बे थ्रिलर्स हा संघ १९८७ मध्ये साखळी सामने संपून बाद फेरी सुरू होण्याच्या बेताला साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीला हलला आणि तिथे जिंकला. समुद्रकिनाऱ्यावरून बर्फात! चौथं विजेतेपद ऑल्बनीसोबत, ४८ विजय आणि ६ पराभव.

१९९०-९१ मध्ये जॉर्ज कार्ल ऑल्बनीचा प्रशिक्षक होता. ५६ पैकी ५० सामने जिंकले, घरच्या मैदानावर २८ पैकी २८. लीगच्या इतिहासात असा हंगाम नाही. हा संघ विजेता व्हायलाच हवा होता. तो बाद फेरीत हरला.

इथे दुय्यम लीगच्या मुळातलं दुखणं दिसतं. संघ जितका चांगला, तितके त्याचे खेळाडू वरच्या लोकांच्या नजरेत भरणार. एली त्याच हंगामात एनबीएत गेला होता. सीबीएचा मालक तिकीट विकतो ते स्थानिक चाहत्याला, पण त्याच्या संघातला सर्वोत्तम माणूस ऐन फेब्रुवारीत निघून जाणार हे दोघांनाही माहीत असतं. जाणाऱ्याला टाळ्या वाजवून निरोप द्यायचा आणि पुढच्या सामन्याला अनोळखी चेहऱ्यासाठी तिकीट काढायचं. मोठ्या शहरात असं चालत नाही. म्हणून लीग टिकली ती रॅपिड सिटी, ला क्रॉस, सू फॉल्स, याकिमा अशा ठिकाणी. तिथे दुसरा कुठलाही व्यावसायिक संघ नव्हता, हिवाळा लांब होता आणि संघाच्या कपड्यांवर गावाचं नाव होतं.

१९८८ मध्ये लीगचा आयुक्त झाला जे रॅम्सडेल, अवघ्या चोवीस वर्षांचा. तो शाळकरी वयातच मेन राज्यातल्या लंबरजॅक्स संघासाठी आकडेवारी टिपायला लागला होता आणि तिथून पायरी-पायरीने वर आला. १९ जुलै १९८९ रोजी आयोवातल्या सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाला अपघात झाला, त्यात तो गेला. त्याच विमानात असलेले उपायुक्त जेरी शेमेल वाचले. विजेत्यांच्या करंडकाला रॅम्सडेलचं नाव देण्यात आलं.

एका माणसाच्या हाती

१९९० च्या दशकात पेच वाढत गेला. इटली, स्पेन, तुर्कस्तानातले क्लब सीबीएपेक्षा कितीतरी जास्त पैसे देऊ लागले. एनबीएच्या दाराशी राहायचं म्हणून कमी पैशात सीबीएत खेळायचं की युरोपात जाऊन कमवायचं, यात बरेच जण युरोप निवडू लागले. संघ बुडत होते, नवे येत होते, ते बुडत होते.

१९९९ मध्ये आयझेया थॉमस यांनी अख्खी लीग विकत घेतली, सगळे नऊ संघ, एक कोटी डॉलरला. थॉमस म्हणजे डेट्रॉइट पिस्टन्सला १९८९ आणि १९९० मध्ये विजेतेपद देणारा कर्णधार, खेळाडू म्हणून थोर. सगळे संघ एकाच मालकीचे केले की खर्च आटोक्यात येईल आणि एनबीएशी सौदा करताना हात वर राहील, ही कल्पना कागदावर चुकीची नव्हती. त्यांनी खेळाडूंचे पगार कापले. सरासरी आठवड्याला १,५०० डॉलर मिळत ते १,१०० वर आले. पण गावोगावचे जुने मालक गेले तसे त्यांचे स्थानिक संबंधही गेले. सू फॉल्समधला मोटारींचा विक्रेता मैदानावर आपला फलक लावायचा तो मालक ओळखीचा असायचा म्हणून. दूरच्या कार्यालयातून आलेल्या पत्रावर तो पैसे देत नाही.

मार्च २००० मध्ये एनबीएने लीगसाठी १ कोटी १० लाख डॉलर आणि नफ्यातला वाटा देऊ केला. थॉमस यांनी नकार दिला. जूनमध्ये इंडियाना पेसर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. आता अडचण उभी राहिली: एनबीएच्या संघाचा प्रशिक्षक ज्या लीगमधून एनबीए खेळाडू घेते तिचाच मालक असेल तर हितसंबंधांचा संघर्ष होतो. लीग विकणं भाग होतं. खेळाडूंच्या संघटनेशी विक्रीची बोलणी झाली, पण व्यवहार पुरा झाला नाही आणि लीग विश्वस्तांच्या ताब्यात गेली. पैसे संपत आले. ८ फेब्रुवारी २००१ रोजी हंगामाच्या मधोमध खेळ थांबला, मग दिवाळखोरी.

सगळा दोष थॉमस यांच्या माथी मारण्याची रीत आहे, आणि त्यांचा वाटा मोठा आहेच. मार्चमधला तो नकार मलाही उमगत नाही. पण दरम्यान एनबीएने स्वतःची विकास लीग काढायचं ठरवलं होतं, ती नोव्हेंबर २००१ मध्ये आग्नेय अमेरिकेत आठ संघांनिशी सुरू झाली. सीबीएच्या मालाला खरा ग्राहक एकच होता, आणि त्या ग्राहकाने स्वतःचा कारखाना उघडला. थॉमस नसते तर सीबीए आणखी काही वर्षं रेटली असती, यापलीकडे मला वाटत नाही.

झालंही तसंच. जुन्या मालकांपैकी काहींनी संघ परत घेतले आणि २००१ च्या हिवाळ्यात सीबीए पुन्हा उभी राहिली. पण २००६ मध्ये डकोटा विझर्ड्स, आयडाहो स्टॅम्पीड आणि सू फॉल्स स्कायफोर्स हे तिचे भक्कम संघ एनबीएच्या विकास लीगमध्ये निघून गेले. २००८-०९ चा हंगाम चारच संघांनी सुरू केला. फेब्रुवारीत तोही पेलवेना, तेव्हा तीन सामन्यांची अंतिम मालिका घाईने उरकली. ओक्लाहोमातल्या लॉटन-फोर्ट सिल संघाने ऑल्बनीला हरवलं आणि लीग संपली.

एनबीएची ती विकास लीग २०१७ पासून एका शीतपेयाच्या कंपनीच्या नावाने जी लीग म्हणून ओळखली जाते. एनबीएच्या जवळपास प्रत्येक संघाचा तिथे स्वतःचा किंवा जोडलेला संघ आहे, म्हणजे बेसबॉलचीच पद्धत, शंभर वर्षांनी का होईना. २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत आलेला पहिला भारतीय, पंजाबचा सतनाम सिंग, डॅलसने घेतल्यावर याच लीगमधल्या टेक्सास लेजेंड्सकडून खेळला. आणि १९८९ मध्ये सीबीएसाठी स्थापन झालेला सू फॉल्स स्कायफोर्स अजून त्याच गावात, त्याच नावाने जी लीगमध्ये खेळतो, मायामी हीटचा संघ म्हणून. २०१६ मध्ये त्याने तिथलं विजेतेपदही मिळवलं.